दहाव्या दिवशी गोळी सोडू नकोस

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. दहा दिवस गोळ्या घेऊन काही फरक नाही, उलट मळमळतंय, मग सोडूनच देतो म्हणतोस. फोनवर बोललो असतो, पण तू ‘हो सर, हो सर’ म्हणून मोकळा होशील. म्हणून लिहितोय.

डिप्रेशनच्या गोळीत आधी त्रास येतो, गुण मागून. मळमळ, कोरडं तोंड, झोपेचा घोळ हे सुरुवातीलाच होतं आणि बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत ओसरतं. मनाला उभारी यायला दोन ते चार आठवडे जातात, पुरता गुण यायला सहा-आठसुद्धा. दहाव्या दिवशी सोडणारा त्रास तेवढा भोगून उठतो. बरं वाटल्यावरही डॉक्टर निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम तोडली तर चक्कर, बेचैनी होते. काका म्हणाले तशी सवय झोपेच्या काही गोळ्यांची लागते, या गोळ्यांची तशी नाही. काकांचं ऊसपिकाचं ज्ञान मी मानतो, एवढंच लिहितो.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. पंचविशीच्या आतल्या काहींना पहिल्या आठवड्यांत तगमग वाढते, जीव द्यावासा वाटतो. तसं झालं तर डॉक्टरांच्या तारखेपर्यंत थांबू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांना कळव, मला कधीही उठव, एकटा राहू नकोस. रात्री कुणी सापडलं नाही तर १४४१६ लाव. ही टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आणि फुकट. २०२२ पासून चालू आहे आणि भाषा निवडताना मराठीही मिळते. आणि गावी गेलास की शेतातली औषधं कुलपात ठेवायला वडिलांना सांग. अवघड वाटत असेल तर मी सांगतो.

घरी कळलं तर काय, याची धास्ती मला कळते. आपल्याकडे ‘याला धारवाडला न्या’ ही चेष्टा आम्ही शाळेच्या वऱ्हांड्यात ऐकत मोठे झालो. त्याच धारवाडच्या मानसोपचार संस्थेत आज कितीतरी माणसं सकाळी केसपेपर काढतात आणि दुपारच्या बसने घरी परततात. आईला एवढंच सांग की झोप, भूक आणि लक्ष बिघडलंय, त्यावर औषध चालू आहे. ते खरंच आहे. निदान दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास राहणं किंवा कशातच गोडी न वाटणं, सोबत हे सगळं बिघडणं, यालाच डॉक्टर हा आजार म्हणतात. नोकरीची परीक्षा कन्नडमधून द्यायची, घरचं बोलणं मराठीतून, या ताणाचा त्यात वाटा असेलही. पण कारण सापडेपर्यंत उपचार अडवायचे नसतात.

आता दिवसाचं. ‘मन लागलं की फिरायला जाईन’ असं तू लिहिलंस. या आजारात मन आधी लागत नाही. पाय आधी निघतात. टिळकवाडीतच राहतोस, व्हॅक्सिन डेपोला झाडाखालून वीस मिनिटं चालून ये की. पाऊस असेल तर छत्री घे. बेळगावचा पाऊस थांबायची वाट बघशील तर दिवाळी येईल. उठायची वेळ रोज एकच ठेव, झोप लागो न लागो. अभ्यासाचं टाइमटेबल सध्या फाडून टाक, रोज एक धडा पुरे. शनिवारी चोर्ला घाटातून गोव्याला निघणाऱ्या मित्रांना यंदा नाही म्हण. दारूने रात्र निभते, पण झोप आणि मन दोन्ही आणखी खाली जातात, शिवाय गोळीशी तिचं जमत नाही.

मंगळवारी तुझी तारीख आहे. मळमळ कधी होते, झोप किती लागते, मनात काय काय येतं, ते चिठ्ठीवर लिहून ने. आत गेल्यावर सुचत नाही. थायरॉइड आणि रक्त तपासलं नसेल तर विचार, कधी कधी खोट तिथेही असते. डॉक्टर कन्नडमध्ये बोलले तरी तू मराठीतच सांग, न लाजता. मी खानापूरहून सकाळच्या बसने येतो. आत तू एकटा जा, मी बाहेर बाकावर बसतो.

तुझे,
सर