टीव्हीचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरला द्यायला ऑप्टिकल केबल घ्यावी की कोअ‍ॅक्सिअल?

तुम्ही लिहिलंय की घर सांगलीत, टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउट, डिशच्या बॉक्सला कोअ‍ॅक्सिअल, 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) अ‍ॅम्प्लिफायरला दोन्ही, अंतर साधारण 3 मीटर. आणि सध्याच्या लाल-पांढऱ्या वायरीवर हमिंग येतंय.

ऑप्टिकलच घ्या, टीव्हीतून. आवाज जास्त चांगला येईल म्हणून नव्हे. दोन्ही केबलींतून डेटा तोच जातो: दोन चॅनलचा पीसीएम (न दाबलेला साधा डिजिटल आवाज), नाहीतर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस (दाबून पाठवलेला 5.1 आवाज). मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी पारखणाऱ्या कानालाही फरक सापडणार नाही, त्यामुळे सोनेरी टोकांच्या महाग केबलवर पैसे घालू नका.

फरक आहे तो विजेचा. कोअ‍ॅक्सिअल तांब्याची, तिची बाहेरची धातूची जाळी बॉक्सचं ग्राउंड अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडला जोडते. डिशची वायर गच्चीवरून येते, अ‍ॅम्प्लिफायर घरच्या अर्थिंगवर असतो. दोन्हींत थोडा जरी व्होल्टेजचा फरक पडला तरी जाळीतून करंट फिरतो आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या अ‍ॅनालॉग भागात हमिंग शिरतं. खात्री करायची तर बॉक्समागची डिशची वायर सोडवून ऐका. हमिंग थांबलं, तर दोष तिथेच. प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाका असं कुणी सुचवलं तर मुळीच ऐकू नका. बॉडीत करंट उतरला तर जिवावर बेतेल.

ऑप्टिकल म्हणजे 1 मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा तंतू. त्यातून उजेड जातो, वीज नाही. आपल्याकडे वळवात विजा कडाडतात तेव्हा डिशच्या वायरीवरून आलेला झटका निदान या वाटेने अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचत नाही. तरी अशा वेळी प्लग काढायचेच.

ऑप्टिकल जोडल्यावर लाल-पांढरी वायर पूर्ण काढा. ती लटकत राहिली तर हमिंगही राहील, आणि दोष उगाच नव्या केबलवर जाईल.

जोडताना टोकांवरच्या बारीक पारदर्शक टोप्या काढा. त्या राहून गेल्यामुळे केबल बसत नाही, हे फार होतं. टोक एकाच बाजूने बसतं, जोर लावू नका. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर केबल काटकोनात दाबली जाते आणि तंतू आतून तडकतो. मागे थोडी जागा ठेवा, वळण मोठं घ्या. टीव्ही चालू असताना मोकळं टोक कागदाजवळ धरा, लाल ठिपका दिसला पाहिजे.

ठिपका दिसतो पण आवाज नाही, तर सेटिंग बघा. टीव्हीचं डिजिटल आउटपुट आधी पीसीएमवर ठेवा, अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट ऑप्टिकलवर. स्टीरिओ आला की केबल ठीक. मग 5.1 साठी डॉल्बी डिजिटल निवडा. त्यावर आवाज गेला किंवा नुसती खरखर आली, तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये डॉल्बीचा डिकोडर (तो आवाज उलगडणारा भाग) नाही. आवाज कमी-जास्त मात्र अ‍ॅम्प्लिफायरच्याच रिमोटने करावा लागेल.

अंतर 5 मीटरच्या वर असतं किंवा केबल पायाखाली येणार असती, तर कोअ‍ॅक्सिअल सुचवली असती. तिच्यासाठी 75 ओहमची वायर लागते. जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी व्हिडिओ वायर बहुतेक वेळा चालून जाते.