कमी वजनाचं बाळ आणि लिव्हर कॅन्सरची भीती

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी २९व्या आठवड्यात झाली, वजन ११०० ग्रॅम. बीपी खूप वाढलं म्हणून अर्जंट सिझेरियन करावं लागलं. आता ती १४ महिन्यांची आहे, छान खेळते. पण अशा बाळांना लिव्हरचा कॅन्सर होतो असं वाचलं आणि तेव्हापासून झोप उडालीय. माझ्यामुळे झालं का हे? एएफपी टेस्ट (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढणाऱ्या एका प्रथिनाची रक्ततपासणी) करून घेऊ का?

उत्तर : आधी हे मनातून काढून टाका की तुमच्यामुळे काही झालंय. बीपी तुम्ही मुद्दाम वाढवलं नव्हतं आणि वेळेत सिझेरियन झालं म्हणून तर आज ती खेळतेय.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. हेपॅटोब्लास्टोमा म्हणजे लहान मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर, बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षाच्या आत दिसतो, आणि १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांमध्ये त्याचा धोका कितीतरी पट जास्त, काही अभ्यासांत वीसपटीच्या आसपास आढळलाय. पण वीसपट कशाच्या? मुळात हा आजार वर्षाला दहा लाख मुलांमागे १-२ जणांना होतो, त्यामुळे वीसपट धरलं तरी हजार मुलांमागे एकही भरत नाही. हे असं का होतं, कमी वजनामुळे की एनआयसीयूमधल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) उपचारांमुळे, ते अजून नक्की ठरलेलं नाही. आईवडिलांच्या सिगारेटशी मात्र संबंध सिद्ध झालाय, घरात कुणी ओढत असेल तर आजच बंद करायला सांगा.

एएफपी स्वतःहून करू नका. जन्मतः सगळ्याच बाळांचं एएफपी खूप जास्त असतं, हळूहळू उतरतं आणि लवकर जन्मलेल्यांचं तर आणखी सावकाश, त्यामुळे रिपोर्टवरचा आकडा बघून विनाकारण घाबरून जाल. त्यापेक्षा आंघोळ घालताना पोटावरून हलकेच हात फिरवा, उजव्या बाजूला बरगडीखाली कडक गाठ लागली, पोट मोठं दिसायला लागलं, खाणं कमी होऊन वजन घटलं, तर मुलांच्या डॉक्टरांकडे लगेच जा, ते सोनोग्राफी करतील. आजार वेळेत सापडला तर केमो आणि ऑपरेशनने बरीच मुलं बरी होतात.

काही मुलांना मात्र नियमित तपासणी लागतेच. जीभ खूप मोठी, शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी, असं बेकविथ-वीडेमन सिंड्रोम या जन्मजात आजारात दिसतं, अशा मुलांची दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात. घरात कुणाला तरुणपणीच आतड्यात शेकडो पॉलिप (आतल्या अस्तरावरचे छोटे कोंब) झाले असतील तर तेही डॉक्टरांना नक्की सांगा, कारण हा आजार आनुवंशिक असू शकतो आणि त्यातही मुलांना लिव्हरच्या या कॅन्सरचा धोका वाढतो.