जळगावात आयटीआय मशिनिस्ट झालोय. संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमधलं काम वेगळं असतं का?

हो, बरंच वेगळं असतं, आणि आपल्या खान्देशातल्या पोरांनी तिकडे जरूर जावं. एमआयडीसीत एकाच पार्टचे हजार नग काढायचे असतात. संशोधन संस्थेत बहुतेकदा एकच नग, तोही कधी कधी हाताने काढलेल्या कच्च्या आकृतीवरून. म्हणून ड्रॉइंग वाचण्याइतकंच शास्त्रज्ञाला विचारणं महत्त्वाचं: एवढा कडक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) नेमका कुठे लागतो?

व्हॅक्यूम चेंबरचंच घ्या, म्हणजे पंपाने आतली हवा काढून टाकलेली बंद पेटी. आरपार नसलेल्या भोकात आटे पाडून साधा स्क्रू बसवला की तळाशी हवा अडकते आणि हळूहळू झिरपत राहते. पंप कितीही चालवा, पाहिजे तेवढा व्हॅक्यूम मिळत नाही. म्हणून स्क्रूलाच मधोमध आरपार बारीक भोक पाडतात. पितळ टाळतात, कारण तापवल्यावर त्यातलं जस्त उडतं. फ्लँजची (जोडाच्या कडेची) जी धार तांब्याच्या गॅस्केटमध्ये (सांधा हवाबंद करणाऱ्या चकतीत) रुतते, तिच्यावर केसाएवढा आडवा ओरखडाही चालत नाही.

भुसावळ किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीत अप्रेंटिसशिप मिळाली तर सोडू नका. मोजमापाची शिस्त अंगवळणी पडते. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्र) आयटीआयवाल्यांसाठी जागा निघतात, जाहिरातींवर लक्ष ठेवा.