पावडर संपली, आता काय घालू?

केक करायचाय, बेकिंग पावडर नाही, खाण्याचा सोडा आहे. तेवढाच घालू? (पंचवटी)

तेवढाच घातलात तर केक पिवळट होईल आणि साबणासारखा लागेल. एक चहाचा चमचा पावडरऐवजी पाव चमचा सोडा आणि अर्धा कप आंबट दही घ्या, दूध अर्धा कप कमी करा. आंबट नसेल तर सोडा नीट फुलत नाही.

आणि उलटं असेल तर? (सिडको)

सोड्याच्या तिप्पट बेकिंग पावडर.

इनो चालतो म्हणतात. (देवळाली कॅम्प)

चालतो, पण साधाच; लिंबाच्या स्वादाचा घेऊ नका. एक चमचा पावडरऐवजी पाऊण ते एक चमचा. पाणी लागताच तो फसफसतो, म्हणून ओव्हन १८० अंशांवर आधी तापवा, भांड्याला तूप लावून ठेवा, इनो शेवटी घाला आणि मिश्रण लगेच आत ठेवा.

पावासाठी यीस्ट नाही, सोडा घालू? (गंगापूर रोड)

नको. पाव उद्या करा.

किराणावाल्याकडून सुटा सोडा आणला. पुडीवर काहीच लिहिलेलं नाही. व्हिनेगर टाकून पाहिलं, फसफसला. म्हणजे चांगला ना? (नाशिकरोड)

हा प्रश्न दर महिन्याला येतो, आणि ही चाचणी कोणी पसरवली कोण जाणे. धुण्याचा सोडाही व्हिनेगरमध्ये असाच फसफसतो. चाचणीतून सोडा जिवंत आहे एवढंच कळतं, तो कोणता आहे हे नाही. धुण्याचा सोडा कितीतरी तीव्र असतो, पोटात गेला तर तोंड आणि घसा भाजू शकतो. रंगावरून दोन्ही ओळखू येत नाहीत, चव घेऊन तर मुळीच पाहू नका. दुकानदार "खायचाच आहे हो" म्हणाला, तरी पुडी टाकून द्या. बंद पाकीट घ्या. त्यावर नाव, तारीख आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ अंकी क्रमांक बघा. 'केक स्पेशल' छापून दुप्पट दर लावलेलं पाकीट घ्यायची गरज नाही, आत तोच सोडा असतो. चुकून कोणी धुण्याचा सोडा गिळलाच, तर उलटी करवू नका, चूळ भरायला लावा आणि पाकिटासह थेट दवाखाना गाठा.

बेकिंग पावडरची परीक्षा वेगळी: अर्धा कप गरम पाण्यात एक चमचा टाका. जोरात फेस आला नाही तर गेली. पावसाळ्यात उघड्या डब्यात ती लवकर मरते.

सासऱ्यांना बीपी आहे. सोड्याचा केक द्यावा का? (इंदिरानगर)

सोडा, पावडर, इनो, तिन्हींत सोडियम आहे. किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मला नको.