पार्किन्सन्स असलेल्या माणसाचं हाड लवकर मोडतं का? कॅल्शियमची गोळी पुरते का?

तुमच्या आईला चार वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, मागच्या महिन्यात ती घरात पडली, काही मोडलं नाही, आणि तेव्हापासून तुम्ही रोज कॅल्शियम देताय. एवढं पुरे का, हा तुमचा प्रश्न. पुरे नाही. मी डॉक्टर नाही, पण माझ्या वडिलांनी 11 वर्षं हा आजार काढला आणि नवव्या वर्षी त्यांचा खुबा मोडला.

त्याच वयाच्या इतरांपेक्षा या रुग्णांचं हाड मोडण्याचा धोका साधारण दुप्पट धरतात. सगळ्यात जास्त भीती खुब्याची. लोक म्हणतात, पडतात म्हणून मोडतं. ते अर्धंच खरं. हाडही आतून विरळ झालेलं असतं. चालणं-फिरणं कमी, ऊन कमी म्हणून ड जीवनसत्त्व कमी, वजनही उतरत जातं. शिवाय लेव्होडोपा, म्हणजे या आजाराची मुख्य गोळी, वर्षानुवर्षं घेताना रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढू शकतं, आणि त्याचा संबंध ठिसूळ हाडांशी जोडला जातो. (हे वाचून गोळी बंद करू नका! ती चुकली की तोल आणखी जातो. होमोसिस्टीनसाठी ब 12 जीवनसत्त्व तपासायचं का, एवढं डॉक्टरांना विचारा.)

त्यात पडण्याची तऱ्हा वेगळी. आपण अडखळलो की हात आपसूक पुढे जातो. मनगटावर निभावतं, खुबा वाचतो. वडिलांचा हात वेळेवर यायचाच नाही. ते ओंडक्यासारखे कुशीवर नाहीतर मागे जायचे.

आम्ही न्हाणीघरात धरायला दांडे बसवले होते, आणि वडील पडले दिवाणखान्यात. फोन वाजला म्हणून झटकन वळले; अंग वळलं, पाय जमिनीला चिकटलेलेच राहिले. जागच्या जागी गिरकी घेणं हीच सगळ्यात वाईट वेळ, हे नंतर फिजिओथेरपिस्टनी सांगितलं. वळताना मोठा वळसा घ्यायचा, पावलं मोजत. पाय अडले तर ओढायचं नाही. थांबायचं, वजन एकदा या पायावर, एकदा त्या पायावर घ्यायचं, मग पाऊल. चालताना त्यांच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. हे शेवटचं आम्हाला सगळ्यात अवघड गेलं.

पडण्यामागे उभं राहताना उतरणारा रक्तदाबही असू शकतो. तो आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा मोजून घ्या. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगाच.

माझी खरी चिडचिड वेगळीच आहे. नऊ वर्षांत हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी कुणीच सुचवली नाही. मेंदूचे डॉक्टर थरथर बघत होते, हाडाचे डॉक्टर मोडल्यावर भेटले. त्या तपासणीतला आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, असं म्हणतात. वडिलांचा उणे 3.1 निघाला. तुम्ही पुढच्या भेटीत स्वतःहून मागा.

घनता कमी निघाली तर नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही, हाडांची झीज रोखणारं औषध लागतं. आठवड्याला एक घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी असते, पण ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गिळायला त्रास असेल तर ही कसरत जमत नाही. अशांना वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक ॲसिड देता येतं, आधी मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून. आणखी एक, लोहाची गोळी चालू असेल तर लेव्होडोपापासून दोन तास तरी लांब ठेवा. लोह तिला नीट शोषू देत नाही.

कधी भरती करायची वेळ आलीच, तर गोळ्यांचं वेळापत्रक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या. वडिलांना वॉर्डच्या वेळेनुसार गोळ्या मिळाल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं अंग लाकूड झालं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड आणि भ्रम झाल्यावर हॅलोपेरिडॉल, ही दोन या आजारात टाळायची औषधं आहेत. त्याच कागदावर तीही लिहा.

आणि आई पडली ती वेळ आठवून बघा. पुढची गोळी घ्यायची होती का? वडील बहुतेकदा गोळीचा असर उतरतानाच पडायचे. किती वेळा, ते आम्हाला फार उशिरा कळलं, कारण ते सांगायचेच नाहीत. आम्ही काळजी करू आणि फिरायला जाऊ देणार नाही, म्हणून. तुमच्या आईलाही एकदा न रागावता विचारा, ही खरंच पहिलीच वेळ होती का.