इंग्लंडच्या खेड्यातील चित्रकाराला रोजच्या जगण्यात नेमका कशाचा आनंद मिळत असे?
जॉन कॉन्स्टेबलपुरते सांगायचे, तर पाणचक्कीच्या बांधातून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, विलोची झाडे, कुजक्या जुन्या फळ्या, बुळबुळीत खांब आणि विटांचे बांधकाम यांत त्याचा जीव रमत असे. ही यादी त्याने स्वतःच १८२१ मध्ये आपला मित्र जॉन फिशर याला लिहिलेल्या पत्रात दिली आहे; सफोकमध्ये स्टूर नदीकाठी फ्लॅटफर्डची पाणचक्की त्याच्या वडिलांकडेच असल्याने ही ओलसर लाकडे (इतरांना ती क्वचितच सुंदर वाटली असती) त्याच्या लहानपणापासूनच्या परिचयाची होती. मात्र १८१६ मधील विवाहानंतर तो मुख्यतः लंडनमध्ये राहिला आणि ‘द हे वेन’सारखी मोठी चित्रे त्याने तिथेच, गावाकडील रेखाटनांच्या आधारे रंगवली, त्यामुळे यातील बराचसा आनंद आठवणीतला होता.