कालनिर्णयावरचे एकच हस्ताक्षर

"मुलगी पाळणाघरात दिवसभर व्यवस्थित असते, आणि संध्याकाळी मी दारात दिसले की भोकाड पसरते. मी तिला नकोशी झाले आहे का?" प्रसूतीच्या रजेनंतर नोकरीवर परतलेल्या आया हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. ज्या दांपत्याविषयी येथे लिहीत आहे, त्यातील पत्नीने तो दिवाळीनंतरच्या पहिल्या भेटीत खुर्चीत बसण्यापूर्वीच विचारला होता. ओळख पटू शकेल असे तपशील मी बदलले आहेत आणि नावेही देत नाही. दोघांना आई आणि बाबा असेच म्हणते, कारण त्या वर्षात ती दोघे एकमेकांनाही याच नावांनी हाक मारू लागली होती.

घर मोशीला. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करणारे, आई पिंपरीतील एका छोट्या कार्यालयात हिशेबनीस. त्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी, तिची रविवारी. म्हणजे सणवार सोडले तर दोघे दिवसभर एकत्र घरी असण्याचा दिवसच आठवड्यात नव्हता. मुलीचा जन्म जानेवारीच्या मध्यातला. प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते खरी, परंतु डॉक्टरांच्या सल्ल्यावरून चार आठवडे प्रसूतीपूर्वीच खर्ची पडल्याने जूनमध्ये आई कामावर परतली तेव्हा मुलगी जेमतेम पाच महिन्यांची होती. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, असे त्याच दुरुस्तीत म्हटले होते. हिच्या कार्यालयात तिशीच्या आत माणसे, त्यामुळे तोही मार्ग नव्हता. तासगाव तालुक्यातून सासूबाई आल्या आणि आईने काढून ठेवलेले दूध त्यांनी वाटी-चमच्याने पाजत तीन महिने निभावून नेले. मात्र द्राक्षबागेची फळछाटणी जवळ येताच सप्टेंबरच्या अखेरीस त्यांना गावी जावे लागले. त्याच आठवड्यात मुलगी पाळणाघरात जाऊ लागली.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला या तारखांतच दिसत होते. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास मुलाला आपले माणूस आणि परके माणूस यांतील फरक कळू लागतो, आणि आपले माणूस नजरेआड झाले की ते कासावीस होते. वाढीचा हा टप्पा पुढे दीड वर्षापर्यंत कमीअधिक तीव्रतेने चालतो. या मुलीची आजी गेली आणि पाळणाघर सुरू झाले ते नेमके याच वेळी. दिवसभर आवरून धरलेले रडू आई दिसताच बाहेर येते, कारण ते रडू झेलणारे हक्काचे माणूस आईच असते. पाळणाघरातील मावशींना ती बिलगते, ही तर समाधानाची बाब आहे. मूल एकाहून अधिक माणसांशी घट्ट नाते जोडू शकते आणि त्याने आईचा वाटा कमी होत नाही. हे ऐकताना आई रडली, पण तिचा चेहरा काही सैलावला नाही. म्हणून त्या दिवशी बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीतील दहा प्रश्नही मी तिला विचारले. (बाळंतपणानंतरच्या वर्षात उदासी टिकून राहिली, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर समुपदेशकाच्या पुढच्या भेटीची वाट पाहू नये, मनोविकारतज्ज्ञांना गाठावे, 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.) तिच्या उत्तरांत तसे काही आढळले नाही. आढळला तो प्रचंड थकवा, आणि एक राग, ज्याला अजून नाव नव्हते.

दुसऱ्या भेटीला येताना मी त्यांना स्वयंपाकघरातील कालनिर्णय काढून आणायला सांगितले. असे मी पुष्कळांना सांगते, कारण घराचे वर्ष माणसे तोंडाने जितके सांगतात त्याहून अधिक त्या चौकोनांमध्ये लिहिलेले असते. दुधाची अर्धी पिशवी जादा घेतल्याच्या खुणा, कामवाल्या मावशींचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, पाळणाघराची फी, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याचा दिवस, ऑक्टोबरच्या मध्याला गोवर-रुबेलाची पहिली लस. जून ते नोव्हेंबर सगळ्या पानांवर एकच हस्ताक्षर होते. बाबांची कोणती पाळी कोणत्या आठवड्यात, हेसुद्धा हिरव्या शाईने आईनेच लिहिलेले होते.

बाबांनी पाने बराच वेळ चाळली. मग काहीशा दुखावल्या स्वरात ते म्हणाले, "सांगितलेले काम मी कधी टाळले आहे का, ते हिला विचारा." आई लगेच म्हणाली, "अहो, सांगावे लागते, हेच तर काम आहे."

2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे. हा आकडा बोलका आहे, तथापि मिनिटांच्या हिशेबात सिलिंडर कधी संपेल याची आठवण ठेवणे कोठे मोजायचे, हा प्रश्न उरतोच. बाबांवर मात्र मी अन्याय करू इच्छित नाही. रात्रपाळीहून सकाळी साडेसातला परतणारा हा माणूस मुलीला न्हाऊ-माखू घालायला तयार होता, परंतु दोन वेळा पाणी जास्त गरम झाल्यावर "राहू द्या, तुम्हाला जमणार नाही" असे ऐकून त्याने ते सोडले होते. गुरुवारी तो घरी असतानाही मुलगी पाळणाघरात जात होती. आपल्याच घरात आपण पाहुण्यासारखे वावरतो, हे त्याने मला तिसऱ्या भेटीत, आई बाहेर फोनवर बोलत असताना सांगितले.

पहिला उपाय मी चुकीचा सुचवला, हे कबूल करायला हवे. कामांची वाराप्रमाणे वाटणी करणारा एक नीटनेटका तक्ता आम्ही तिघांनी मिळून केला आणि तो दोन आठवडेही टिकला नाही, कारण दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या घरात मंगळवारची संध्याकाळ दोनदा सारखी येतच नाही. मग वार सोडून आम्ही पूर्ण खाती वाटली. पाळणाघर आणि लसीकरण हे बाबांचे खाते: फी, सुट्ट्यांच्या तारखा, कपड्यांची पिशवी, डॉक्टरांची वेळ, आणि मुख्य म्हणजे त्यांची आठवण. आईने ते आठवून द्यायचे नाही. तिला हे कामाहून अवघड गेले. जानेवारीत पाळणाघराला सुटी असल्याचे बाबा विसरले, ऐनवेळी त्यांना दांडी मारावी लागली आणि एका दिवसाचा पगार गेला. आई सकाळी गप्प राहिली, परंतु रात्री तिच्याने राहवले नाही आणि मोठे भांडण झाले. दोघांना वाटले, प्रयोग फसला. मला तसे वाटले नाही; विसरण्याची झळ त्या दिवशी प्रथमच विसरणाऱ्याला लागली होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी कालनिर्णयावर पाळणाघराच्या वर्षभराच्या सुट्ट्या स्वतः लिहून काढल्या, त्यातील एक चुकीच्या महिन्यात.

संध्याकाळचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. घरी पोहोचताच आई एका हाताने मुलीला कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने कुकर लावत असे, आणि मुलगी अधिकच रडे. पहिला अर्धा तास दोघींनी सतरंजीवर बसायचे, फोन पिशवीतच ठेवायचा आणि पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणायच्या, असे ठरले. विकतच्या पोळ्यांचे सासूबाईंना कसे सांगावे, यावर मात्र आमची जवळजवळ अख्खी भेट खर्ची पडली. एप्रिलमधली खरड छाटणी आटोपून त्या मे महिन्यात आल्या तेव्हा मला भेटायला आवर्जून आल्या आणि पोळ्यांविषयी अवाक्षर न काढता म्हणाल्या, "बाई, माझी तिन्ही पोरं जावेनं आणि नणंदेनं सांभाळली. मी तर शेतात असायची. हिच्याजवळ कोण आहे?"

जूनमध्ये आम्ही शेवटचे भेटलो. गुरुवार-रविवारचा तिढा सुटलेला नाही, आणि कारखान्याने पाळी बदलून देण्याचा अर्ज फेटाळला आहे. गुरुवारी मुलगी आता बाबांजवळ असते. आंघोळीचे पाणी ते कोपर बुडवून पाहतात. उठताना आईने हसत सांगितले की, अलीकडे ती पाळणाघरात न्यायला गेली की मुलगी मावशींच्या पदरामागे लपते, घरी यायला तयारच होत नाही. "ऑक्टोबरात असे झाले असते, तर मी नोकरी सोडली असती," ती म्हणाली. बाबा तोवर पिशवी उचलून दाराशी उभे होते. साडेसहाला पाळणाघर बंद होते.